ओपिऑइडच्या उपचारात पेशंट टिकावा म्हणून बक्षीस: कशासाठी द्यावं आणि कशासाठी देऊ नये

व्यसनमुक्ती केंद्रात काम करणाऱ्या एका समुपदेशकाचा प्रश्न थोडक्यात असा: "हेरॉइन किंवा इतर ओपिऑइडच्या, म्हणजे अफूवर्गीय द्रव्यांच्या, व्यसनासाठी मेथाडोन अथवा ब्युप्रेनॉर्फिन ही पर्यायी औषधं सुरू झालेले आमचे बरेच पेशंट पहिल्या दोन-तीन महिन्यांतच यायचे बंद होतात. नियमित येणाऱ्यांना आणि लघवीच्या तपासणीत नशा न सापडणाऱ्यांना छोटं बक्षीस द्यावं, असा विचार चालू आहे. टीममधल्या काहींना ही सरळसरळ लाच वाटते. याचा खरंच उपयोग होतो का? द्यायचं तर कशासाठी, किती, आणि बंद केल्यावर पुढे काय?"

उपयोग होतो. व्यसनाच्या उपचारात औषधांशिवाय जे जे केलं जातं, त्यात इतक्या कसून तपासलेल्या पद्धती फार थोड्या आहेत. ठरलेलं वागणं दिसलं की ठरलेलं बक्षीस लगेच द्यायचं, ही पद्धत कंटिन्जन्सी मॅनेजमेंट या नावाने ओळखली जाते. पण दारू किंवा कोकेनसाठी बसवलेली योजना जशीच्या तशी उचलून ओपिऑइडच्या पेशंटला लावू नका. ओपिऑइडमध्ये परिणामकारक औषध आपल्या हातात आहे आणि माणूस त्या औषधावर टिकला तर जगतो. म्हणून बक्षीस सगळ्यात आधी दारात परत येण्यासाठी आणि औषध घेण्यासाठी द्यायचं. नशा पूर्ण थांबण्याचं बक्षीस त्यानंतर.

मी टिकण्यावर इतका भर का देतो, ते आकड्यांवरून कळेल. २०१७ साली बीएमजे या वैद्यकीय नियतकालिकात जुन्या अभ्यासांची एक मोठी बेरीज छापून आली. मेथाडोन चालू असताना दर हजार माणसांमागे वर्षाला सुमारे ११ मृत्यू आणि उपचार सुटल्यावर सुमारे ३६. ब्युप्रेनॉर्फिन चालू असताना सुमारे ४, सुटल्यावर साडेनऊच्या आसपास. त्यातही उपचार सोडल्यानंतरचे पहिले चार आठवडे सर्वांत घातक. कारण उघड आहे: शरीराची सवय उतरलेली असते, पण माणूस जुन्याच मापाने नशा घेतो आणि श्वास थांबतो. तुमच्या नोंदवहीत ज्याच्यापुढे "आला नाही" अशी खूण आहे, तो पेशंट नेमक्या याच काळात असतो. बक्षिसाचा सगळा खटाटोप त्याला या काळात जाऊ न देण्यासाठी आहे.

आता लाचेबद्दल. तुमच्या सहकाऱ्यांचा आक्षेप मी हलका मानत नाही. चांगलं वागण्यासाठी पैसे कशाला, असं वाटणं साहजिक आहे. पण पेशंटच्या बाजूने हिशेब मांडून पाहा. नशेचा फायदा काही सेकंदांत मिळतो. अंगदुखी, मळमळ, घाम, बेचैनी सगळं तिथल्या तिथे शमतं. उपचाराचा फायदा मात्र पुढच्या महिन्यात, पुढच्या वर्षी: घरचे पुन्हा विश्वास ठेवतील, काम मिळेल, तब्येत सुधारेल. १९९७ साली अमेरिकेत ओपिऑइडचं व्यसन असलेल्यांना आणि नसलेल्यांना पर्याय देऊन विचारलं होतं, की हजार डॉलर नंतर हवेत की त्याहून कमी रक्कम लगेच. व्यसन असलेल्यांच्या लेखी उशिरा मिळणाऱ्या रकमेची किंमत फार झपाट्याने घसरत होती आणि उशिरा मिळणाऱ्या हेरॉइनची तर त्याहून जास्त. हा आळस नव्हे, नालायकपणाही नव्हे. व्यसनात निर्णय असेच होतात. मग उपचाराच्या पारड्यातही आजच्या आज हाताला लागेल असं काहीतरी टाकायला हवं. बक्षीस तेवढंच करतं.

बाहेरून बक्षीस मिळालं की माणसाची आतली इच्छा मरते, असंही म्हणतात. व्यसनाच्या उपचारात ते मोजून पाहिलं गेलं आहे आणि बक्षीस मिळालेल्यांची बदलाची इच्छा इतरांपेक्षा कमी झालेली आढळलेली नाही. मला रोजच्या कामात दिसतं ते असं: सुरुवातीला कुपनासाठी येणारा माणूस सहाव्या-सातव्या आठवड्यात स्वतःहून झोपेबद्दल, मुलांबद्दल बोलायला लागतो. बोलायला तो हजर तर पाहिजे.

पद्धत कशी बसवली गेली ते माहीत असलं की आपली योजना नीट आखता येते. बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात मॅक्सीन स्टिट्झर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मेथाडोनच्या पेशंटसाठी घरी न्यायच्या डोसची सवलत बक्षीस म्हणून वापरून पाहिली. रोज खिडकीशी येऊन रांगेत उभं राहणाऱ्या माणसाला एक दिवस घरीच डोस घेता येणं फार मोलाचं वाटतं. पुढे १९९० च्या दशकात व्हरमाँट विद्यापीठात स्टीफन हिगिन्स यांनी कोकेनच्या पेशंटसाठी कुपनांची योजना आखली. पहिल्या निगेटिव्ह, म्हणजे नशा न सापडलेल्या, लघवीच्या नमुन्याला अडीच डॉलरचं कुपन, पुढच्या प्रत्येक सलग निगेटिव्ह नमुन्याला सव्वा डॉलरची वाढ, सलग तीन झाले की दहा डॉलर जादा. नमुना पॉझिटिव्ह आला की पुन्हा अडीचपासून सुरुवात, पण त्यानंतर सलग पाच निगेटिव्ह दिले की माणूस आधीच्या पायरीवर परत. १९९४ साली छापलेल्या त्यांच्या अभ्यासात २४ आठवड्यांचा उपचार पूर्ण करणारे कुपनवाल्या गटात ७५ टक्के होते, कुपन नसलेल्या गटात ४० टक्के.

शेवटच्या पायरीकडे नीट लक्ष द्या. पाच निगेटिव्ह नमुन्यांत जुनी जागा परत मिळते. अनेक केंद्रं योजना आखताना नेमका हाच नियम गाळतात. मग आठ आठवडे कमावलेलं एका दिवसात गेलं की पेशंटला वाटतं, आता सगळं संपलंच, आणि तो येत नाही. परतीची वाट नियमातच लिहिलेली असली पाहिजे आणि ती पहिल्या दिवशी पेशंटला वाचून दाखवली पाहिजे.

हिगिन्स यांची योजना महागडी होती. १२ आठवड्यांत एकही नमुना न चुकवणाऱ्याला जवळजवळ हजार डॉलरची कुपनं मिळत. कनेक्टिकट विद्यापीठाच्या नॅन्सी पेट्री यांनी खर्च उतरवण्यासाठी चिठ्ठ्यांची पद्धत काढली. एका भांड्यात ५०० चिठ्ठ्या. निम्म्यांवर नुसती शाबासकी, बहुतेक उरलेल्यांवर एखाद्या डॉलरची वस्तू, थोड्यांवर वीस डॉलरच्या आसपासची आणि एका चिठ्ठीवर शंभर डॉलरचं मोठं बक्षीस. सलग यश मिळत गेलं की चिठ्ठ्या उचलायची संधी वाढत जाते. खर्च बराच कमी, आणि उत्सुकता मात्र टिकते. ज्या पेशंटला जुगाराचाही नाद आहे त्याच्यासाठी मी हे भांडं वापरत नाही. त्याला ठरलेल्या किमतीचं कुपन देतो.

अमेरिकेतल्या राष्ट्रीय संशोधन जाळ्यातून ही चिठ्ठ्यांची पद्धत दोन प्रकारच्या केंद्रांत एकाच वेळी तपासली गेली. पेशंट कोकेनसारखी उत्तेजक द्रव्यं घेणारे होते. जिथे फक्त समुपदेशन होतं, तिथे १२ आठवडे टिकणारे ३५ टक्क्यांवरून ४९ टक्क्यांवर गेले. मेथाडोन केंद्रांत उत्तेजक द्रव्यं न सापडणारे नमुने देण्याची शक्यता जवळजवळ दुप्पट झाली, पण टिकण्यात फरक पडला नाही. तिथले पेशंट मेथाडोनमुळे तसेही टिकत होते आणि चिठ्ठी नमुन्याला बांधलेली होती, डोस घ्यायला येण्याला नव्हे. मी यातून एवढंच घेतो की बक्षीस ज्या वागण्याला बांधाल तेच वाढतं. आजूबाजूचं आपोआप सुधारेल अशी आशा धरू नका. तुमची अडचण पेशंट गळण्याची असेल, तर नमुन्याला बांधलेलं बक्षीस त्या अडचणीला हातही लावणार नाही. उलट, ज्याची नशा अजून पूर्ण सुटलेली नाही त्याला ते सांगेल की तुझ्यासाठी इथे काही नाही. आणि गळतो तो बहुतेकदा हाच.

म्हणून दोन खाती वेगळी ठेवा. पहिलं हजेरीचं: ठरलेल्या दिवशी आला, औषध समोर घेतलं किंवा इंजेक्शनची तारीख पाळली, की बक्षीस, मग नमुना कसाही येवो. दुसरं नमुन्याचं. एका खात्यातली घसरण दुसऱ्याला लागता कामा नये.

छोटं, नेमकं आणि करता येण्याजोगं काम निवडलं की काय होतं, याचं मला आवडणारं उदाहरण इंग्लंडमधलं आहे. हेरॉइनसाठी पर्यायी औषधावर असलेल्यांना हिपॅटायटिस बी च्या लशीचे तीन डोस पूर्ण करायला लावायचे होते. नेहमीच्या पद्धतीने ९ टक्के लोकांनी ते पूर्ण केले. तिन्ही मिळून तीस पौंडांची कुपनं देऊ केल्यावर हे प्रमाण ४५ टक्क्यांवर गेलं आणि रक्कम दर वेळी वाढवत नेली तेव्हा ४९ टक्क्यांवर. २०१४ साली लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात हा अभ्यास आला. वाढत्या आणि स्थिर रकमेत म्हणण्यासारखा फरक नाही. काम थोडक्यात संपणारं असेल तर गुंतागुंतीचं कोष्टक लागत नाही.

नमुन्याला बक्षीस बांधायचंच असेल तर तपासणी कशाची चालली आहे हे आधी पक्कं करा. अफूवर्गीय द्रव्यांसाठीची लघवी तपासायची साधी पट्टी मॉर्फिन पकडते, त्यावरून हेरॉइन घेतलेलं कळतं, पण मेथाडोन, ब्युप्रेनॉर्फिन आणि फेंटॅनिल हे फार तीव्र कृत्रिम ओपिऑइड तिच्यावर सहसा दिसत नाहीत. त्यांच्यासाठी वेगळ्या पट्ट्या लागतात. ब्युप्रेनॉर्फिन घेतो म्हणणाऱ्याच्या लघवीत ते सापडतं का, हे पाहणं मला हेरॉइन सापडतं का याइतकंच महत्त्वाचं वाटतं. फेंटॅनिलची तर वेगळीच पंचाईत आहे. रोज आणि दीर्घकाळ घेणाऱ्याच्या शरीरात ते चरबीत साठतं. शेवटचं घेतल्यानंतर आठवडाभर, आणि त्यापासून तयार होणारं नॉरफेंटॅनिल कधीकधी दोन-तीन आठवडेसुद्धा लघवीत सापडत राहतं. अशा माणसाने खरंच थांबवलं असलं तरी दुसऱ्या आठवड्यात पट्टी त्याला खोटं पाडते आणि बक्षीस नाकारलं जातं. याहून वाईट सुरुवात नाही. त्याच्यासाठी पहिला महिना फक्त हजेरीचं खातं चालवा.

तपासणी आठवड्यातून दोनदा तरी व्हावी आणि निकाल तिथल्या तिथे कळावा. नमुना सोमवारी, निकाल गुरुवारी, कुपन पुढच्या महिन्यात, असं झालं की पैसे गेले आणि परिणामही गेला.

पॉझिटिव्ह नमुन्याचा प्रसंग मी नव्या समुपदेशकांकडून आधी तोंडी करून घेतो. कारण योजना तिथेच तरते किंवा बुडते. माणूस समोर बसलाय, पट्टीवरची रेघ त्यालाही दिसते आहे. त्याची नजर दाराकडे. अशा वेळी बोलायचं ते साधारण असं: "दादा, आज हेरॉइन दिसतंय, म्हणून नमुन्याची चिठ्ठी आज नाही. पण तुम्ही आलात, गोळी घेतलीत, हजेरीचं कुपन हे घ्या. गुरुवारी परत नमुना घेऊ, तो निगेटिव्ह आला की चिठ्ठ्या पुन्हा सुरू." एवढंच. का घेतलं, कोणाबरोबर घेतलं, वचन दिलं होतं ना, हे त्या क्षणी नको. ते बोलणं डोस पुरतोय का, रात्री तलफ येते का, या अंगाने नंतर सावकाश करायचं. आणि निगेटिव्ह आला तर कौतुक मोकळेपणाने, नावाने, इतरांना ऐकू जाईल असं, अर्थात त्याची हरकत नसेल तर.

आता एक ठाम मुद्दा. औषधाचा डोस कधीही बक्षीस किंवा शिक्षा म्हणून वापरू नका. १९८० च्या दशकात मेथाडोनच्या पेशंटवर हे करून पाहिलेलं आहे: काहींना निगेटिव्ह नमुन्याला डोस वाढवून मिळे, काहींचा पॉझिटिव्ह नमुन्याला कमी होई. नमुन्यांतली सुधारणा दोन्हींत सारखीच, पण डोस कमी होणाऱ्या गटातले पेशंट जास्त गळाले. आज कोणी मधुमेहाच्या पेशंटची साखर वाढली म्हणून त्याचं इन्शुलिन कापत नाही. डोस ठरवायचा तो तलफ, विथड्रॉवलची (नशा तुटल्यावर होणाऱ्या त्रासाची) लक्षणं आणि सुरक्षितता पाहून. गुंगी आली असेल, सोबत दारू किंवा झोपेच्या गोळ्या घेतल्या असतील तर डोस थांबवावा लागतो, पण तो वैद्यकीय निर्णय. तो बक्षिसाच्या वहीत जाऊ नये.

घरी न्यायच्या डोसचं काय, हा पुढचा प्रश्न. मला ती सवलत आवडते, पण ती चांगल्या वागण्याची मेहेरबानी वाटली की बिघडते. अमेरिकेत २०२० साली कोविडच्या काळात स्थिर पेशंटना २८ दिवसांपर्यंतचं मेथाडोन घरी द्यायची मुभा मिळाली आणि २०२४ च्या नियमांत ही शिथिलता कायम झाली. माणूस औषध सुरक्षित ठेवू शकतो का, घरात लहान मुलं आहेत का, कुलूप आहे का, यावर ते ठरावं.

किती द्यायचं? वाटतं त्यापेक्षा जास्त. फार छोटी रक्कम काम करत नाही, हे या सगळ्या संशोधनात पुन्हा पुन्हा दिसलं आहे. कॅलिफोर्नियात २०२३ पासून उत्तेजक द्रव्यांच्या पेशंटसाठी सरकारी आरोग्य योजनेतून जो कार्यक्रम चालतो, त्यात वर्षाला ५९९ डॉलरपर्यंत मिळू शकतात. अमेरिकेच्या माजी सैनिकांच्या रुग्णालयांत २०११ पासून आपल्याच कँटीनची कुपनं वापरून ही पद्धत पसरवली गेली. तो मार्ग ज्यांच्याकडे कँटीन आहे त्यांना सोयीचा. तुमच्याकडे पैसे थोडे असतील तर ते सगळ्यांत वर्षभर शिंपडू नका. नव्या पेशंटच्या पहिल्या १२ आठवड्यांत घाला. जुने, स्थिर पेशंट कुरकुर करतील आणि त्यांचं खोटंही नाही. त्यांना वर्ष पूर्ण झाल्यावर काहीतरी द्या, नव्यांना भेटून बोलण्याचं काम द्या. रोख दिली तर नशेवर उडेल ही भीती सगळ्यांना असते. संशोधनात पाठपुराव्याच्या भेटींसाठी रोख रक्कम देऊन पाहिली, तेव्हा रक्कम वाढवल्याने नशा वाढल्याचं आढळलं नाही. तरी देणगीदार आणि टीम दोघांच्याही मनाला कुपन सोपं जातं, म्हणून मी त्यावर भांडत नाही.

बंद केल्यावर परिणाम ओसरतो का? ओसरतो, पुरता नाही. उपचार संपल्यानंतर साधारण सहा महिन्यांनी केलेल्या तपासण्यांत बक्षीस मिळालेले लोक थोडे का होईना, पुढे राहिलेले दिसतात. पण ओपिऑइडमध्ये या प्रश्नाची धार बोथट होते, कारण बक्षीस थांबतं तेव्हा औषध थांबत नाही. १२ आठवड्यांत डोस बसलेला असतो, झोप आलेली असते, रोज पैसे जुळवायची धावपळ संपलेली असते. ही मिळकत आता माणसाला धरून ठेवायला लागते. बक्षीस एकदम तोडू नका. प्रत्येक भेटीऐवजी चार भेटींतून एकदा, तेही कोणत्या भेटीला ते न सांगता, असं विरळ करत न्या. जॉन्स हॉपकिन्समध्येच केनेथ सिल्व्हरमन यांनी काम आणि पगार हेच बक्षीस करून पाहिलं: नमुना निगेटिव्ह असेल तर त्या दिवशी कामावर येता येतं. तेवढं उभं करणं बहुतेक केंद्रांच्या आवाक्याबाहेर आहे, पण पेशंटला काम मिळवून देणाऱ्या संस्थेशी ओळख ठेवणं तर जमतं.

आणि हे सगळं करण्याआधी मागच्या वर्षभराची नोंदवही काढून बसा. गळालेल्या प्रत्येकाची शेवटची भेट कितव्या आठवड्यातली होती आणि त्या दिवशी डोस किती होता, एवढ्या दोनच रकान्यांची यादी करा. मेथाडोन ३०-४० मिलिग्रॅमवरच अडकलेलं असेल, ब्युप्रेनॉर्फिन ४ मिलिग्रॅमच्या पुढे गेलंच नसेल, तर पेशंट डोस अपुरा असल्यामुळे जात आहेत, आणि कुपन त्यांना रोखू शकणार नाही. बहुतेकांना मेथाडोन ६० मिलिग्रॅमच्या वर आणि ब्युप्रेनॉर्फिन १६ मिलिग्रॅमच्या आसपास लागतं. केंद्र सकाळी दोनच तास उघडं असेल आणि कामावर जाणारे गळत असतील, तर आधी वेळ बदला. डोस ठीक, वेळ ठीक आणि तरी गळती तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात एकवटलेली दिसली, तर बक्षिसाचा सगळ्यात मोठा वाटा दुसऱ्या ते सहाव्या आठवड्याच्या हजेरीवर ठेवा. तीन महिन्यांनी तीच यादी पुन्हा काढा आणि शेजारी ठेवून पाहा.